मॅलिनॉइस आणू का? नवरा म्हणतो, ‘चावरं कुत्रं घरात नको’

नमस्कार सर,

माझं वय ३४. माहेरी कायम कुत्री होती. लग्नानंतरचा आमचा जर्मन शेफर्ड दोन वर्षांपूर्वी म्हातारपणाने गेला. शांत, थोडा आळशी, सगळ्यांचा लाडका. तो गेल्यापासून घर रिकामं वाटतं, पण दुसरं कुत्रं आणायचं मन होत नव्हतं.

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीबरोबर तिच्या डॉग स्पोर्ट क्लबच्या मैदानावर गेले. तिथे एक बेल्जियन मॅलिनॉइस कुत्री पाहिली. मैदानात उभ्या केलेल्या तंबूंना वळसे घालत ती सुसाट सुटली आणि एका तंबूमागे लपलेल्या माणसासमोर जाऊन थांबली. त्याच्यापासून वीतभर अंतरावर उभी राहून भुंकत राहिली, पण त्याला तोंडसुद्धा लावलं नाही. मालकिणीने एक शब्द उच्चारला आणि ती वळून तिच्या डाव्या पायाशी येऊन बसली. त्या रात्री मला झोप लागली नाही. मलाही हेच करायचंय.

नवरा म्हणतो, ‘चावरं कुत्रं घरात नको.’ मुलगा सहा वर्षांचा आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो. एका ब्रीडरकडे मॅलिनॉइसची आठ आठवड्यांची पिल्लं आहेत. तो म्हणतो, पिल्लू सहा महिन्यांचं झालं की तीन महिने माझ्याकडे ठेवा, पूर्ण प्रोटेक्शन शिकवून परत देतो. या खेळाने कुत्रं खरंच आक्रमक होतं का? आणि मॅलिनॉइस नको, तर मग कोणतं आणू?

– एक वाचक

नमस्कार ताई,

ते पिल्लू आत्ता आणू नका. त्या मैदानावर जाणं मात्र सोडू नका. पिल्लं आठ आठवड्यांची झाली म्हणजे ‘आज-उद्या सांगा, नाहीतर दुसऱ्याला देतो’ असे फोन सुरू होतील, म्हणून एवढं आधी सांगून टाकलं. बाकीचं निवांत वाचा.

पहिल्यांदा मैदानावर येणाऱ्या बहुतेकांच्या लक्षात चावा राहतो. हवेतून झेपावलेलं कुत्रं, बाहीवर बसलेला जबडा. तुमच्या लक्षात राहिलं ते त्या कुत्रीचं न चावणं. या खेळाचा जीव तिथेच आहे आणि तो तुम्हाला कुणी न दाखवता दिसला. म्हणून तुमची ओढ मला खरी वाटते आणि म्हणूनच उत्तरही जरा लांबलंय.

तुम्ही पाहिलात तो आयजीपी या कामाच्या कुत्र्यांच्या परीक्षेतल्या तिसऱ्या, म्हणजे संरक्षणाच्या भागाचा पहिला प्रकार. वरच्या पातळीवर मैदानात सहा तंबू असतात. हेल्पर, म्हणजे हातावर ज्यूटची जाड बाही चढवलेला माणूस, त्यातल्या शेवटच्या तंबूत उभा असतो. मुरलेल्या कुत्र्याला हे पुरतं ठाऊक असतं. तरीही मालकाच्या इशाऱ्यावर त्याने आधीच्या एकेका रिकाम्या तंबूला वळसा घालायचा असतो. हेल्पर सापडला आणि तो स्थिर उभा असला, तर फक्त भुंकायचं, सलग आणि ठामपणे. धडक मारली किंवा बाहीला दात लावले तर गुण जातात. तो पळायला लागला किंवा अंगावर आला, तरच पकडायचं. तो थांबला की मालकाच्या एका शब्दावर सोडायचं. पहिल्या हुकमाला सोडलं नाही तर आणखी दोनदा सांगायची मुभा मिळते. त्यानंतरही जबडा उघडला नाही तर कुत्रं बाद, आधी कितीही देखणं काम केलेलं असो.

पुढच्या वेळी जाल तेव्हा जितकं जवळ उभं राहू देतील तितकं राहा आणि त्या सोडण्याच्या क्षणी कुत्र्याचं तोंड बघा. चांगल्या पकडीत बाही थेट दाढांपर्यंत आत गेलेली असते. जबडा चाळवाचाळव करत नाही, गुरगुर नसते, डोळे स्थिर असतात. हेल्पर थांबतो, पण कुत्र्याच्या खांद्यांचे स्नायू अजून ताणलेलेच असतात. हुकूम येतो आणि तोंड एकदम उघडतं. ओठाच्या कडेला लाळ आणि ज्यूटचे धागे लोंबत असतात, नजर हेल्परवरच असते, पाऊल मागे सरकलेलं नसतं. जोर सगळा तसाच अंगात आहे, तरी कुत्र्याने मालकाचं ऐकलंय. धाकाने सोडणारं कुत्रं यापेक्षा वेगळं दिसतं. ते कान पाडतं, मालकाकडे चोरून बघतं, सोडताना अंग आक्रसून घेतं. चार-पाच कुत्री बघितली की हा फरक तुम्हाला स्वतःहून दिसायला लागेल, आणि कुणाकडून शिकायचं हे ठरवायला तो पुरेसा आहे.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे यायचं तर आधी मेंढ्यांकडे जावं लागेल. या कामात पुढे असलेली बरीचशी कुत्री मूळची मेंढपाळांची, आणि हा योगायोग नाही. जर्मनीत कुंपण नसलेल्या शेतांमधल्या गवताच्या पट्ट्यात कळप चरायचा. दोन्ही बाजूंना उभं पीक. कुत्रं त्या पट्ट्याच्या कडेने, नांगराच्या तासातून, दिवसभर दुडक्या चालीने येरझाऱ्या घालायचं. एखादी मेंढी पिकात तोंड घालायला गेली की तिला पकडून आत ढकलायचं. ही पकड मान, बरगड्या किंवा मांडी या तीनच ठिकाणी, पूर्ण तोंडाने, क्षणभर, आणि लगेच सोडून द्यायची. कातडं फाडणारं कुत्रं मेंढपाळाला परवडत नव्हतं आणि कचरणाऱ्या कुत्र्याला मेंढ्या जुमानत नव्हत्या. भरलेल्या तोंडाची शांत पकड, तिच्या पाठोपाठ सोडणं आणि पुन्हा धन्याकडे लक्ष: मैदानावर आज ज्याला गुण मिळतात ते सगळं त्या पट्ट्याच्या कडेला तयार झालंय.

१८९९च्या एप्रिलमध्ये कार्ल्सरूहच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात माक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळातल्या अधिकाऱ्याने असंच एक कामाचं कुत्रं विकत घेतलं. त्याचं नाव बदलून होरांड फॉन ग्राफ्राथ ठेवलं. त्याच महिन्यात जर्मन शेफर्डची संस्था, एसव्ही, स्थापन झाली आणि तिच्या वंशावळीत होरांडची नोंद पहिली झाली. मेंढ्यांची कामं घटत गेली तसं या कुत्र्यांना पोलिस आणि लष्कराच्या कामात आणण्याचा आग्रह स्टेफानिट्झ यांनी धरला. पण नुसतं देखणं दिसणारं कुत्रं कामाचं आहे की नाही हे कळायचं कसं? त्यासाठी परीक्षा आल्या. माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण या तिन्ही भागांना आज प्रत्येकी १०० गुण असतात आणि उत्तीर्ण व्हायला प्रत्येकात किमान ७० लागतात. शुट्झहुंड म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार पुढे आयपीओ झाला आणि २०१९ पासून आयजीपी. सुरुवातीपासून त्याचा हेतू होता तो कोणत्या कुत्र्याची पिल्लं घ्यावीत हे ठरवण्याचा. जर्मनीत त्याच्या जोडीला सायकलीबरोबर २० किलोमीटर धावण्याची चाचणी असते, खुब्यांचे एक्स-रे असतात. खेळ म्हणून त्याची गोडी लोकांना नंतर लागली.

बेल्जियमची गोष्ट याच्याही थोडी आधीची. अडोल्फ रूल या पशुवैद्यकाच्या प्राध्यापकांनी १५ नोव्हेंबर १८९१ रोजी ब्रसेल्सजवळ क्युरेगेमला त्या भागातली ११७ मेंढपाळ कुत्री एकत्र करून तपासली. त्यातून पुढे चार प्रकार पक्के झाले: लांब काळ्या केसांचा ग्रोनेनडाल, लांब तांबूस केसांचा तर्व्युरेन, राठ केसांचा लाकेनोइस आणि आखूड केसांचा, काळ्या तोंडाचा मॅलिनॉइस. गेंट शहराच्या पोलिसांनी १८९९ मध्ये कुत्री घेऊन रात्रीची गस्त सुरू केली. शेजारच्या नेदरलँड्समध्ये पट्टेरी रंगाचा डच शेफर्ड होता, आणि पोलिसकामाच्या कुत्र्यांची तिथली केएनपीव्ही ही संघटना १९०७ पासून आहे. तिच्या परीक्षांमध्ये वंशावळीच्या कागदाला फारसं महत्त्व नसल्याने डच शेफर्ड आणि मॅलिनॉइस यांचा बराच संकर झाला आणि त्यातून विलक्षण कडक कुत्री निघाली. फ्रान्समध्ये बोसरॉन हे मेंढपाळ कुत्रं आहे, आणि तिथल्या रिंग स्पर्धेत हेल्पर बाहीऐवजी अंगभर जाड सूट घालतो. या प्रत्येक परंपरेचा स्वभाव वेगळा आहे, पण मेंढपाळ कुत्र्याचा एक गुण सगळीकडे कामी आला: जोशात असतानाही ते ‘आता काय करू?’ असं माणसाला विचारतं.

आक्रमक होतं का, याला माझ्याकडे एका शब्दात उत्तर नाही. शांत मज्जातंतूंचं कुत्रं या खेळाने बिघडत नाही. भित्रं कुत्रं बिघडू शकतं, आणि वाईट बिघडतं.

हे का, ते सांगतो. पिल्लू असताना सुरुवात चिंधीमागे पळण्यापासून होते. हेल्पर चिंधी उंदरासारखी सरपटवतो, पिल्लू झडप घालतं, चिंधी जिंकतं, तोंडात मिरवत फिरतं. हा निव्वळ खेळ असतो. कुत्रं मोठं झालं की हेल्पर थोडं दडपण आणतो. ताठ उभा राहतो, डोळ्यांत बघतो, मऊ आवरणाची काठी उगारतो. कुत्रं ठामपणे भुंकलं की तो दबतो, माघार घेतो. दडपणाला तोंड देता येतं हे कुत्रं शिकतं आणि त्याच्या अंगात एक आत्मविश्वास येतो. जाणता हेल्पर हे दडपण थेंबाथेंबाने वाढवतो आणि कुत्र्याच्या शेपटीकडे, कानांकडे बघून हात आखडता घेतो. आता याच जागी मुळात घाबरट कुत्रं आणि उतावळा हेल्पर ठेवून बघा. ते शिकतं की भीती वाटली की दात वापरायचे, म्हणजे भीती निघून जाते. हा धडा मैदानावर राहत नाही. तो दारात येतो, रस्त्यावर येतो, पाहुण्यांच्या हातापाशी येतो.

म्हणूनच संरक्षणाच्या परीक्षेआधी बीएच नावाची परीक्षा सक्तीची आहे. तिच्यात चाव्याचा संबंध नसतो. आज्ञापालन झालं की कुत्र्याला रहदारीत नेतात. शेजारून कुणी धावत जातं, सायकल जाते, अनोळखी माणसं घोळक्याने भोवती येतात, दुसरं कुत्रं दिसतं, मालक काही वेळ दिसेनासा होतो. कुत्रं बिथरलं तर पुढे जाता येत नाही. नवऱ्याला हे आवर्जून सांगा, कारण ‘चावरं’ या शब्दाने त्यांच्या डोळ्यांसमोर जे कुत्रं उभं राहतं ते याच परीक्षेत अडतं.

याची दुसरी बाजूही ऐका. हा खेळ शिकलेलं कुत्रं घराची राखण करेलच असं नाही. बरीच कुत्री बाही, मैदान आणि हेल्पर या तिघांनाच ओळखतात. बाही नसलेल्या माणसाजवळून शेपूट हलवत निघून जातात. घरात सुरक्षित वाटावं म्हणून तुम्ही हे करणार असाल तर निराश व्हाल. तुमच्या पत्रात तसं कुठे दिसलं नाही, याचा मला आनंद आहे.

आता त्या तीन महिन्यांच्या गोष्टीबद्दल. याला स्पष्ट नकार द्या. सहा महिन्यांचं पिल्लू घेऊन नऊ महिन्यांचं असताना ‘पूर्ण प्रोटेक्शन’ करून देतो म्हणणाऱ्याला एकतर या कामातलं कळत नाही, किंवा तुम्हाला कळत नाही असं तो धरून चाललाय. आयजीपीच्या पहिल्या पातळीला बसायला कुत्रं किमान १८ महिन्यांचं असावं लागतं. चार ते सहा महिने हा दात पडून नवे येण्याचा काळ. तेव्हा तोंड दुखत असतं आणि शहाणे लोक पकडीचं काम थांबवतात. सहा ते नऊ महिन्यांत कुत्रं वयात येत असतं, कालपर्यंत ज्या गोष्टीला घाबरत नव्हतं तिला आज दचकतं. या वयात त्याला बांधून, डिवचून, मारून चिडवलं तर ते चावायला शिकेल यात शंका नाही, आणि त्यालाच ‘प्रोटेक्शन’ म्हणून तुमच्या हातात पट्टा दिला जाईल. सोडायला त्याला कुणी शिकवलेलं नसेल. शिवाय ज्या माणसाचं ऐकायला ते शिकलं तो तिकडे, आणि कुत्रं तुमच्या सहा वर्षांच्या मुलासोबत. हा खेळ दोघांचा आहे, कुत्र्याचा आणि तुमचा. तुमच्या जागी दुसऱ्याने शिकून चालत नाही.

प्रशिक्षणाच्या वेळी तुम्हाला बघू देत नसतील तर तिथून निघा. विजेचे किंवा काटेरी पट्टे ही पहिल्या दिवसापासूनची हत्यारं असतील तरीही निघा. ज्या देशात हा खेळ जन्मला त्या जर्मनीतच १ जानेवारी २०२२ पासून प्रशिक्षणात काटेरी पट्ट्यांना आणि वेदना देणाऱ्या इतर साधनांना कायद्याने बंदी आहे, आणि कुत्री तिथे आजही आयजीपी करतात. तुम्ही राहता तिथे अशा प्रशिक्षणावर कायद्याचे काही निर्बंध आहेत का, तेही विचारून घ्या.

मॅलिनॉइसबद्दल मी जे म्हणणार आहे ते प्रेमानेच म्हणतो, कारण असं कुत्रं दुसरं नाही. नर २५ ते ३० किलो, मादी २० ते २५. जर्मन शेफर्डचा नर ३० ते ४० किलोंचा. वजनातला हा फरक वेगात आणि उडीत दिसतो. पण खरा फरक डोक्यात असतो. हलकी चाहूल लागायचा अवकाश, मॅलिनॉइसने काहीतरी करून टाकलेलं असतं. विचार मागून येतो. मैदानावर हे सोनं. घरात सहा वर्षांचा मुलगा किंचाळत पळाला की त्याच्या टाचेमागे झेपावणं हीही तीच गोष्ट. त्यात दुष्टपणा नसतो; पळणारं वळवायचं हे रक्तात असतं. पण मुलाच्या पायाला दात लागायचे ते लागतात.

दुसरं, ‘खूप व्यायाम द्या म्हणजे शांत होईल’ हा सल्ला मॅलिनॉइसच्या बाबतीत उलटतो. रोज दहा किलोमीटर पळवलंत तर काही महिन्यांत दहा किलोमीटरने न थकणारं कुत्रं तुमच्याकडे असेल. त्याला डोक्याचं काम लागतं, आणि त्याहून जास्त, काही न करता पडून राहायला शिकवावं लागतं. हे दुसरं काम पिल्लूपणापासून, रोज, कंटाळा न करता करावं लागतं. दोघंही दिवसभर बाहेर असलेल्या घरात, कामाच्या वंशातलं पहिलंच कुत्रं, ते मॅलिनॉइसचं, आणि तेही ज्याचा तीन महिन्यांत चावायला शिकवायचा बेत आहे अशा ब्रीडरकडून? मी होकार देऊ शकत नाही. तुमचा आधीचा जर्मन शेफर्ड शांत आणि आळशी होता असं तुम्ही लिहिलंय. त्या अनुभवावर या कुत्र्याचा अंदाज बांधता येणार नाही.

नवऱ्याच्या बोलण्याला विरोध म्हणून बघू नका. त्यांना मुलाची काळजी आहे आणि ती रास्त आहे. त्यांना एकदा मैदानावर घेऊन जा, पण चाव्याचं काम बघायला नको. काम संपल्यानंतर अर्धा तास थांबा. मघाशी बाहीवर तुटून पडलेलं कुत्रं मालकाच्या पायाशी कसं पडून आहे, लहान मुलं जवळून गेली तर काय करतं, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. आणि तसं दिसलं नाही, कुत्री गाडीच्या पिंजऱ्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यावर तुटून पडत असतील, तर त्यांचं म्हणणं बरोबर निघेल आणि तुम्हाला दुसरा क्लब शोधावा लागेल. सगळं बघूनही त्यांचं मन झालं नाही, तर आणू नका. अशा कुत्र्याला घरातले सगळे सारखेच नियम पाळणारे लागतात. एकजण मनाविरुद्ध असेल तर दार उघडं राहतं, पट्टा सैल धरला जातो, आणि त्याची किंमत कुत्रं चुकवतं.

मुलाबाबत दोन-तीन गोष्टी आधीच ठरवाव्या लागतील. कुत्र्याशी ओढाओढीचा खेळ त्याने खेळायचा नाही. मैदानावरचे हुकूम त्याने घरात गंमत म्हणून वापरायचे नाहीत. आणि मोठं माणूस खोलीत नसताना दोघं एकत्र नकोत, कुत्रं कितीही गुणी असो. त्याने खाऊ लपवावा आणि कुत्र्याने नाकाने शोधावा, हे मात्र मनसोक्त चालेल. तुम्ही बघत बसा. मुलांना तो खेळ फार आवडतो.

माझं म्हणणं, आधी सहा महिने कुत्रं न आणता नुसतं क्लबमध्ये जात राहा. मग कुत्र्याशिवाय तिथे करायचं काय? भरपूर काही. क्लबला माग पाडणारी माणसं सतत हवी असतात, कारण वरच्या पातळीवर कुत्र्याला अनोळखी माणसाच्या पावलांचा माग काढावा लागतो. तिसऱ्या पातळीवर किमान ६०० पावलांचा, पाच सरळ पट्ट्यांचा, चार काटकोनी वळणांचा माग असतो. वाटेत तीन वस्तू टाकलेल्या असतात आणि तो तासभर जुना असतो. सकाळी लवकर गवतावर किंवा नांगरलेल्या जमिनीवर जायचं, सांगितलेल्या खुणांवर नजर ठेवून ठराविक चालीने चालायचं, वस्तू टाकायच्या, वळणं लक्षात ठेवायची. मग तासाभराने दहा मीटरच्या दोरीला बांधलेलं कुत्रं तुमच्या पावलांवरून येताना बघायचं.

मला स्वतःला या खेळाचा हा भाग सगळ्यात प्रिय आहे, आणि प्रेक्षक त्याच्याकडे वळूनही बघत नाहीत. नाक जमिनीला टेकलेलं असतं. तुम्ही टाच टेकवली तिथे गवत चुरडलंय, माती दबलीय, त्या वासावर कुत्रं एकेक पाऊल वाचत येतं. नाकपुड्यांमधून फुरफुर ऐकू येते. वळणावर ते एक पाऊल पुढे जातं, वास संपतो, डोकं तिथल्या तिथे फिरतं, आणि नवी दिशा सापडली की शेपटीची लय परत जागेवर येते. कुणी हुकूम देत नाही. मालक दोरीचं टोक धरून मागे गप्प चालत असतो. अर्ध्या तासाच्या अशा कामाने मॅलिनॉइससुद्धा घरी जाऊन झोपतं. पिल्लाला हे पहिल्या महिन्यापासून शिकवता येतं. प्रत्येक पावलात खाऊचा एकेक तुकडा ठेवायचा, एवढीच सुरुवात. तुम्हाला त्या रात्री ज्याने झोप येऊ दिली नाही, ते कुत्र्याचं आणि माणसाचं ऐकणं-सांगणं इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

शिवाय आज्ञापालनाच्या तालमीत घोळक्यातली अनोळखी माणसं लागतात, तिथे उभ्या राहा. दुसऱ्यांच्या कुत्र्यांना पट्ट्यावर धरा, पिंजऱ्यातून काढा, परत घाला. पाऊस असेल त्या दिवशी आवर्जून जा. हेल्पर कमजोर कुत्र्याशी कसा वागतो ते बघा, कारण जोरकस कुत्र्यासोबत कुणीही चांगला दिसतो. चांगल्या क्लबमध्ये कधीतरी कुणाला तरी सांगितलं जातं, ‘तुमच्या कुत्र्याला हे काम झेपत नाही, आपण त्याला माग आणि आज्ञापालनच शिकवू.’ हे वाक्य तुमच्या कानावर पडलं तर त्या लोकांवर विश्वास ठेवा.

सहा महिन्यांनी ओढ तितकीच असेल तर, तुमच्या घरासाठी माझं मत कामाच्या वंशातल्या जर्मन शेफर्ड मादीकडे झुकतं. प्रदर्शनाच्या वंशातली नको, आणि अतिशय कडक म्हणून मिरवली जाणारीही नको. आई-वडिलांच्या परीक्षा झालेल्या असाव्यात, खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे बघायला मिळावेत. पिल्लांच्या आईला भेटा. पिल्लांपासून दूर, मोकळ्यावर, ती तुमच्याजवळ स्वतःहून येते का बघा. वडील किती पराक्रमी याचे व्हिडिओ दाखवतील. मला आईचा स्वभाव जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पिल्लं पहिले आठ आठवडे तिच्याकडे बघून जग शिकतात. पिल्लांजवळ धातूचं एखादं भांडं पाडायला सांगा. दचकलं तर हरकत नाही. दचकून मग कोण परत येऊन भांडं हुंगतं ते बघा, आणि त्याला निवडा.

याहूनही बरा एक रस्ता आहे. दोन-अडीच वर्षांची, बीएच झालेली मादी, जिच्यात मोठ्या स्पर्धेचा जोर नाही म्हणून मालक तिला चांगल्या घरी द्यायला तयार आहे. अशा कुत्र्या क्लबांमध्ये असतात, पण जाहिरातीत सापडत नाहीत; सहा महिने तिथे राबलेल्या माणसालाच कळतात. तिचा स्वभाव तुमच्यासमोर उघडा असतो, ती मुलांशी कशी वागते हे आधी बघता येतं, आणि जे तुम्हाला अजून येत नाही ते तिला येत असतं. महिनाभर घरी ठेवून बघू का, असं आधीच विचारा. कुत्र्याची काळजी असलेला मालक त्याला नाही म्हणत नाही.